लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेटमध्ये बघण्यासारखं काही असायलाच हवं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तू लॅपटॉप, नॉब-पॅडवाला एक कंट्रोलर आणि एक छोटा सिंथ म्हणजे सिंथेसायझर घेऊन स्वतःचं म्युझिक लाइव्ह वाजवतेस, लोक ऐकतात, नाचतातही, पण नंतर येऊन म्हणतात "भारी होतं गं, पण स्टेजवर काही घडतच नव्हतं". आणि आता एक ऑर्गनायझर म्हणतोय की पुढच्या वेळी व्हिज्युअल्स म्हणजे मागे स्क्रीनवर चालणारी चित्रं घेऊन ये नाहीतर सरळ डीजे सेट कर, म्हणजे तयार गाणी मिक्स करून वाजव. तर बघण्यासारखं काही असायलाच हवं का, की हा लोकांचा प्रॉब्लेम आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पुढचं वाचायचं नाही तो सुटेल. स्क्रीन लागतेच असं अजिबात नाही. पण तू स्टेजवर उभी राहणार असशील, तुझ्यावर लाइट असेल आणि लोक तुझ्याकडे तोंड करून उभे असतील, तर तू जे करतेस आणि जे ऐकू येतंय त्याचा संबंध त्यांना कुठेतरी लागला पाहिजे. तो लागत नसेल आणि लावायचाही नसेल तर लाइट बंद कर, स्टेजवरून खाली उतर, तेही मस्त चालतं. जे चालत नाही ते मधलं, म्हणजे चार फूट उंच स्टेज, वरून स्पॉट, लोकांकडे पाठ केलेली लॅपटॉपची झाकणी आणि त्यामागे अर्धं कपाळ. मी बरीच वर्षं हार्डवेअरवर लाइव्ह वाजवतोय आणि मध्ये दुसऱ्यांच्या शोचं व्हिज्युअल ऑपरेटिंगही केलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंचे वाद ऐकून झालेत.

आपल्या लाइनमध्ये एक वाक्य फार फिरतं, "आम्ही कानांसाठी वाजवतो, डोळ्यांसाठी नाही". ऐकायला छान आहे पण माणूस तसा ऐकतच नाही. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय या संशोधक बाईंनी एक अभ्यास छापला होता, त्या स्वतः पियानो वाजवतात. त्यांनी इंटरनॅशनल क्लासिकल स्पर्धांच्या फायनलमधल्या पहिल्या तिघांच्या छोट्या क्लिप्स लोकांना दिल्या, काहींना नुसता आवाज, काहींना नुसतं चित्र, आवाज म्यूट, आणि सांगितलं की खरा विजेता कोण ते ओळखा. आधी विचारलं तेव्हा बहुतेक सगळे म्हणाले की निकाल आवाजावरच लागायला हवा. झालं उलटं. नुसता आवाज ऐकणाऱ्यांचे अंदाज एक तृतीयांशाच्याही खाली, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी त्याहून बरं आलं असतं, आणि म्यूट चित्र बघणाऱ्यांनी मात्र साधारण निम्म्या वेळा बरोबर ओळखलं. आणि हे नवख्या लोकांचंच नाही, प्रोफेशनल संगीतकारांचंही तेच झालं.

पण मला त्याहून कामाचा वाटतो तो मरिंबावरचा प्रयोग. मरिंबा म्हणजे काष्ठतरंगाचा मोठा भाऊ समज. २००७ मध्ये मायकल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकॉम यांनी एका कसलेल्या वादकाला कधी हात लांब फिरवून आणि कधी झटक्यात असे सूर वाजवायला लावले. आवाजाची लांबी दोन्हींत सारखीच, नुसतं ऐकवलं तर फरक कळतच नाही. पण चित्र दाखवलं की लांब हाताचा सूर लोकांना लांब ऐकू यायला लागला, तेही "हाताकडे लक्ष देऊ नका, फक्त आवाजाबद्दल सांगा" असं बजावलेलं असताना. नंतरच्या प्रयोगात तेच हात ठेवून खाली दुसऱ्या, लांब चालणाऱ्या सुरांचे आवाज लावले तर हा परिणाम गळून पडला. म्हणजे डोळा कानाला मदत करतो, पण कधी, तर हा आवाज त्या हातातूनच निघाला हे मेंदूला पटलं तरच. कुठलंही हलतं चित्र पुढे टाकलं की झालं असं नाही.

आता यावरून तुझ्या ऑर्गनायझरचं म्हणणं तपासून बघ. मागे स्क्रीनवर त्रिकोण फिरतायत, बोगद्यातून आपण पुढे चाललोय, मध्येच एक पुतळ्याचं डोकं वितळतंय (हे पुतळ्याचं डोकं कोणीतरी बंद करा राव आता), यातलं काहीही तुझ्या हाताला जोडलेलं नाही. लोकांना बघायला काहीतरी मिळतं हे खरं, पण "स्टेजवर काही घडत नव्हतं" ही तक्रार तशीच राहते, फक्त ती करायला वेळ मिळत नाही.

बघण्यासारखं म्हणजे उड्या मारणं असाही एक गैरसमज आहे. थेरेमिन घे, १९२० च्या सुमाराला रशियात लेव्ह तेरमेनने बनवलेलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांमधलं अगदी आजोबा. हात न लावता वाजतं, एका अँटेनाजवळ हात नेला की सूर बदलतो, दुसऱ्याजवळ नेला की आवाज कमी-जास्त होतो. क्लारा रॉकमोर ही त्यावरची सगळ्यात नावाजलेली वादक, मूळची व्हायोलिनवाली. तिचे जुने व्हिडिओ बघ. बाई अंग अजिबात हलवत नाही कारण नुसता खांदा सरकला तरी सूर हलतो, चेहरा स्थिर, फक्त बोटं. ना स्क्रीन ना लाइट शो. आणि तरीही नजर हटत नाही कारण प्रत्येक बोटाचं काय झालं ते तत्क्षणी ऐकू येतं आणि चुकलं तर तेही ऐकू येणार आहे हे कळत असतं.

आणि रशियापर्यंत तरी कशाला जायचं, आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला बघ. रोलँडचं आठ रबरी पॅडचं ते यंत्र ऐंशीच्या दशकात आलं आणि बेंजो पार्टी, वरात, गणपती, गावच्या जत्रेतला ऑर्केस्ट्रा, सगळीकडे घुसलं. आवाज शंभर टक्के इलेक्ट्रॉनिक, ढोलकी, संबळ, हलगी, मध्येच काच फुटल्याचा इफेक्ट, सगळे सॅम्पल. पण ऑक्टोपॅडवाला काही करतच नाही असं कोणी म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही, उलट सोलो चालू झाला की सगळ्यात जास्त मोबाइल त्याच्याकडे वळतात. काठी पडली, आवाज आला, आणि काठी दिसली. एवढंच आहे ते. सिंथेसायझर कॉन्फरन्सवाल्यांनी ज्यावर पेपर लिहिले ते आपल्या वरातीतल्या पोरांना कधीपासून पाठ आहे.

दुसरी गोष्ट जाणकारीची. शास्त्रीय मैफिलीत गायक किती हलतो? बसलेला असतो. पण समोरचे अर्धे लोक मांडीवर ताल धरून असतात, सम कुठेय ते त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे गायक तान घेऊन भलतीकडे निघाला की त्यांच्या पोटात गोळा येतो आणि तो तबल्याबरोबर नेमका समेवर उतरला की मान जाते, "वाह" निघतं. तिथे बघण्यासारखं जे आहे ते धोका आहे. ऐकणाऱ्याला नियम माहीत आहेत म्हणून तो धोका दिसतो. आपल्या सेटमध्ये लोकांना ड्रॉप, म्हणजे ताण वाढवत नेऊन बीट परत कोसळतो तो क्षण, येणार हे कळतं, पण तो तू आत्ता आणलास, दोन चक्र आधी आणू शकली असतीस, मुद्दाम रोखून धरलास, की तो कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच तिथे होता, हे कळायला मार्ग नसतो. आणि मार्ग नसला की माणूस वाईटच गृहीत धरतो, "प्ले दाबलं असेल".

हा संशय फुकटचा नाहीये म्हणा. २००१ मध्ये एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर आलं आणि लॅपटॉपवर स्टुडिओतलं सगळं स्टेजवर करता यायला लागलं, ही आपल्यासाठी क्रांतीच होती. पण लॅपटॉपवर किक म्हणजे बेस ड्रम म्यूट करणं, रिव्हर्ब म्हणजे घुमारा वाढवणं आणि मेल चेक करणं हे बाहेरून हुबेहूब सारखं दिसतं, आठशे लोकांसमोर माणूस इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतोय असं वाटतं. २०१२ मध्ये तर डेडमाउस या इलेक्ट्रॉनिकमधल्या मोठ्या नावाने स्वतःच जाहीर लिहून टाकलं की आम्ही सगळे प्लेच दाबतो, मोठ्या स्टेजवरचे सगळे. केवढा गदारोळ झाला तेव्हा. पण त्याने जे कारण दिलं होतं ते जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच लोक विसरतात. त्याचे लाइट, व्हिडिओ सगळं टाइमकोडवर बांधलेलं होतं, म्हणजे गाण्याच्या बरोबरीने एक घड्याळ चालतं आणि अमुक मिनिट अमुक सेकंदाला अमुक चित्र येतं. एवढा मोठा शो चित्रासकट नेमका जुळवायचा तर गाणंही ठरलेल्या क्रमानेच जाणार, तिथे मनात आलं म्हणून ब्रेकडाउन, म्हणजे बीट थांबतो तो शांत भाग, सोळा मात्रा लांबवता येत नाही.

हे नीट समजून घे कारण ऑर्गनायझर तुझ्याकडे जे मागतोय त्याची खरी किंमत इथे आहे. व्हिज्युअल्स जितकी चोख जुळवलेली तितकं तुझं लाइव्ह कमी. पूर्ण टाइमकोडवर गेलीस तर चित्र अप्रतिम दिसेल आणि तू प्ले दाबणारी होशील, म्हणजे ज्या आरोपातून सुटायला हे केलं तोच खरा होणार. दुसरं टोक म्हणजे ऑडिओ-रिअॅक्टिव्ह, माइकमधून आवाज घेऊन बेसला गोळा फुगतो वगैरे, ते तुझ्याबरोबर मोकळं राहतं पण दहा मिनिटांत लोकांना कळतं की गोळा फुगतोय आणि मग कंटाळा येतो. मधला रस्ता म्हणजे तुझ्या कंट्रोलरचे मिडी मेसेजेसच, म्हणजे कुठलं बटन, कुठला नॉब हलला याचे सिग्नल, व्हिज्युअलच्या सॉफ्टवेअरला पाठवायचे, रेझोल्यूम घे किंवा टचडिझायनर घे, म्हणजे तू नॉब फिरवलास की आवाज आणि चित्र दोन्ही त्याच हाताने बदलतात. आणि सगळ्यात चांगला पण सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे शेजारी एक जिवंत व्हीजे, म्हणजे व्हिज्युअल्स लाइव्ह चालवणारा माणूस, जो तुझं ऐकतो आणि तुझ्याबरोबर रिहर्सल करतो. रिहर्सल म्हणतोय मी, "लूप्स आहेत माझ्याकडे, टेन्शन नको" वाला नाही.

मोठ्या लोकांचं काय, ते तर सगळं झाकूनच वाजवतात, असं तू म्हणशील. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने २००६ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिव्हलला पिरॅमिडमधून सेट केला, डोक्यावर हेल्मेट, हात जवळजवळ दिसतच नव्हते. क्राफ्टवर्क हा जर्मन बँड तर रोबोच्या गाण्याला स्वतः बाजूला होऊन स्वतःसारखे दिसणारे पुतळे स्टेजवर आणतात, आणि लोक खूश होतात. कोणी तक्रार केली? नाही, कारण तिथे कोणी "बघा आम्ही किती वाजवतोय" असा आवच आणलेला नाही. यंत्र वाजतंय, आम्ही यंत्र आहोत, हेच नाटक आहे आणि ते पूर्ण ताकदीने केलंय. लोकांना फसवणूक खुपते, यंत्र खुपत नाही. खुपतो तो बंद नॉबवर जोरजोरात हात फिरवणारा, एक हात हवेत, दुसरा हेडफोनवर, आणि हेडफोनची वायर कशालाच लावलेली नाही. असले व्हिडिओ बघितले असशीलच.

दुसरा रस्ता अंधाराचा, आणि मला वैयक्तिक तो जास्त प्रिय आहे. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफरने रेल्वेचे, भांड्यांचे वगैरे आवाज रेकॉर्ड करून त्यांचं संगीत बनवायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे एक सबंध विचार आला की आवाजाचा उगम दिसलाच नाही तर माणूस आवाजच ऐकतो. पायथागोरस म्हणे पडद्याआड बसून शिकवायचा, त्याच्या शिष्यांवरून या प्रकाराला अकुस्मॅटिक असं नाव दिलं. १९७४ मध्ये फ्रान्स्वा बेलने तर स्टेजवर वादकांऐवजी वेगवेगळ्या आकाराच्या स्पीकर्सचा ताफाच उभा केला आणि कलाकार प्रेक्षकांच्या मधोमध मिक्सरवर. गंमत अशी की ते इतके स्पीकर्स मंद उजेडात दिसतात फार देखणे, म्हणजे बघायला काही नको म्हणून केलं आणि बघण्यासारखं झालं. इंग्लंडची इलेक्ट्रॉनिक जोडी ऑटेकर, ते हॉलमधले दिवे जवळजवळ पूर्ण घालवून वाजवतात. मोनोलेक नावाने वाजवणारा रॉबर्ट हेन्के, जो एबलटनच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक, तो बऱ्याचदा स्टेज सोडून साउंडवाल्याच्या जागेवर म्हणजे लोकांच्या मध्ये बसून वाजवतो, कारण आवाज चारी बाजूंनी फिरवायचा तर लोकांना जे ऐकू येतं तेच त्याला ऐकू यायला पाहिजे. आणि हाच हेन्के दुसऱ्या कामात लेझरने चित्र काढतो जिथे आवाज आणि रेघ एकच असतात. म्हणजे तत्त्व वगैरे काही नाही, त्या त्या कामाला काय हवं ते.

गोव्याचं उदाहरण लोक चुकीचं वापरतात म्हणून सांगतो. हणजुण्याच्या जुन्या पार्ट्यांमध्ये फ्लोरोसेंट कापडं, अल्ट्राव्हायोलेट लाइटमध्ये चमकणारी चित्रं, रंगवलेली झाडं, बघायला प्रचंड होतं, आणि त्यावरून म्हणतात की बघा ट्रान्सला, म्हणजे गोव्यातल्या त्या म्युझिकला, व्हिज्युअल्स लागतातच. अरे पण ते सगळं नाचणाऱ्यांच्या आजूबाजूला होतं, वाजवणाऱ्याच्या मागे नाही. डीजे कोपऱ्यात कॅसेट नाहीतर नंतर डॅट म्हणजे डिजिटल टेपवर वाजवत बसलेला, त्या उन्हात आणि वाळूत विनाइलचं काय होणार, आणि लोक तोंड करून असायचे ते स्पीकरकडे, एकमेकांकडे किंवा समुद्राकडे. सगळ्यांनी एका दिशेला तोंड करून एका माणसाकडे बघत नाचायचं हे मोठ्या फेस्टिव्हलच्या स्टेजने आणलं, आणि मग त्या माणसाला काहीतरी करून दाखवणं भाग पडलं. म्हणून मी नेहमी आधी विचारतो की लोक उभे राहणार कसे. गोल उभे राहणार असतील, नाचणार असतील, तुझ्या टेबलाच्या चारी बाजूंनी असतील तर तुला स्क्रीनची गरज शून्य. सेट्स इंटरनेटवर लाइव्ह दाखवणाऱ्या बॉयलर रूमने २०१० पासून जे केलं, वाजवणाऱ्याच्या मागे गर्दी उभी केली, त्यात लायटिंगचा खर्च काही नव्हता, पण हात जवळून दिसतात आणि मागच्यांचे चेहरे दिसतात. खुर्च्यांचं ऑडिटोरियम असेल तर मात्र गणित पूर्ण वेगळं, तिथे माणूस नाचून मोकळा होऊ शकत नाही, तासभर समोरच बघणार.

आणि एक तिसरा प्रकार आहे तो लाइव्ह कोडिंगचा. २००४ मध्ये टॉपलॅप नावाच्या गटाने मागणीच केली की आपल्या स्क्रीन्स लोकांना दाखवा. कोड लिहिताना तो मोठ्या पडद्यावर दिसतो, टाइप केलं, रन केलं, ताल बदलला. बहुतेक प्रेक्षकांना कोड कळत नाही हे खरंय पण टाइप करताना माणूस अडखळतोय, खोडतोय, लाल एरर आली, तो हसला, परत लिहिलं, हे कळायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. धोका दिसतो, परत तेच. मी काही लाइव्ह कोडर नाही पण लॅपटॉपच्या रोगावर सगळ्यात प्रामाणिक औषध मला हेच वाटतं.

बरं आता कामाचं.

पहिलं म्हणजे टेबल. यंत्रं सपाट ठेवू नकोस, लोकांच्या बाजूने खाली उतरतील अशी तिरकी ठेव, तीस-चाळीस अंश, प्लायवुडचा स्टँड सुतार एका दिवसात करून देतो. लॅपटॉप समोरून उचलून कडेला आणि गुडघ्याच्या उंचीला, झाकणी लोकांच्या आणि तुझ्या मध्ये नकोच. आणि टेबलावरचं ते काळं कापड जे ऑर्गनायझर जमिनीपर्यंत सोडतात ते वर गुंडाळ, पाय दिसू देत, विनोद नाही, पाय तालावर हलताना दिसले की अर्धं काम होतं.

दुसरं मॅपिंग, म्हणजे कुठला नॉब किंवा पॅड कुठल्या आवाजाला जोडायचा ते, आणि खरी मेहनत इथेच आहे. तुझ्या सेटमध्ये बहुतेक नॉब्स एकाच वेळी थोडं थोडं सगळं बदलत असणार, आपण सगळेच तसं करतो. त्यातले तीन-चार आवाज निवड जे हाताने वाजतात असं दिसलंच पाहिजे. एखादं पॅड ज्यावर मारलं की मोठा आवाज येतो आणि नाही मारलं तर येतच नाही. एखादा फिल्टर, म्हणजे आवाज दबका किंवा उघडा करणारा, जो तू मोठ्या नॉबवर सावकाश उघडतेस, मनगट नाही, अख्खा हात फिरतो असा. बाकीचं सीक्वेन्सरला, म्हणजे ठरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राला, सांभाळू दे. पहिल्या पाच मिनिटांतच हे दाखव, एकटा आवाज, एकटा हात, म्हणजे लोकांना नियम कळतात. एकदा कळले की नंतर तू दहा मिनिटं नुसती एडिट करत उभी राहिलीस तरी ते तुझ्यावर विश्वास ठेवतात. आणि काहीतरी असं ठेव जे बिघडू शकतं. सगळं क्वांटाइझ केलेलं असलं की हात कधीही पडला तरी आवाज मोजून मात्रेवरच येतो, मग दिसणारा हात आणि ऐकू येणारा आवाज यात फट पडते आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. ती दोन-तीन पॅड्स तरी क्वांटाइझशिवाय ठेव आणि त्यांचा रियाज कर. हो, रियाजच.

तिसरं कॅमेरा. हातांवर वरून एक कॅमेरा आणि तो मागे पडद्यावर, हे मला बाकी कुठल्याही व्हिज्युअलपेक्षा जास्त पटतं, मॉड्युलरवाले, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडलेला सिंथ वाजवणारे, तर हे सर्रास करतात. फक्त एक भानगड आहे ती उशिराची. चित्र आवाजाच्या मागे पडलं की माणसाला पटकन कळतं, उलट चाललं तर बरंच खपतं, कारण लांबचा आवाज उशिरा येणं हे निसर्गातही असतंच. टीव्हीसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेने जे आकडे दिलेत त्यात आवाज साधारण ४५ मिलिसेकंद लवकर आला की लोकांना कळतं, पण उशिरा आला तर सव्वाशेपर्यंत कळत नाही. आता कॅमेरा, स्विचर, लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर आणि एलईडी प्रोसेसर यांनी प्रत्येकी एकेक फ्रेम जरी खाल्ली तरी पंचवीस फ्रेम्सच्या हिशोबाने दर फ्रेमला ४० मिलिसेकंद, म्हणजे शंभरच्या वर सहज जातं, आणि तेही चुकीच्या दिशेने. मोठ्या मैदानात ३५ मीटर मागे उभ्या असलेल्याला आवाजच शंभर मिलिसेकंद उशिरा पोचतो त्यामुळे त्याचं आपोआप जुळतं, बोंब होते ती पुढच्या रांगांची आणि छोट्या क्लबची. म्हणून छोट्या जागेत कॅमेरा थेट केबलने प्रोजेक्टरला दे, मध्ये लॅपटॉप नको, इफेक्ट्स नकोत.

चौथं, जे महाराष्ट्रात वाजवणाऱ्यांनी आधी विचारायला हवं आणि कोणी विचारत नाही, तुझा स्लॉट किती वाजताचा आहे? उघड्यावरचा शो रात्री दहाला बंद करायचा असतो, त्यामुळे मोठी नावं आठ-नऊला आणि आपल्यासारखे चार-पाच वाजता. पुण्याच्या पाच वाजताच्या उन्हात प्रोजेक्टर लावला तर पडद्यावर फक्त पडदा दिसतो. एलईडी वॉल असेल तर ठीक, पण ती बहुतेक वेळा हेडलायनरच्या हिशोबाने प्रोग्रॅम केलेली असते आणि दुपारी तिच्यावर स्पॉन्सरचा लोगो फिरत असतो. अशा स्लॉटला व्हिज्युअल्सवर एक पैसाही घालू नकोस, तिरकं टेबल आणि हात, बस. आणि रात्री वॉल असेल तर लाइटवाल्याला आधीच सांग की वॉलचा ब्राइटनेस खाली आण आणि मला बाजूने एक वॉर्म लाइट दे, नाहीतर मागच्या उजेडात तुझी फक्त काळी आकृती उरते. यंत्रांवर दोन छोटे गूजनेक म्हणजे मान वाकवता येणारे लॅम्प स्वतःचे ने. लाइटवाल्याला गोड बोलून चहा पाजून सेटचा क्रम कागदावर लिहून दिला की तो माणूस तुझ्यासाठी जे करतो ते महागडे कंटेंटवाले करत नाहीत.

लेझर आणि शार्प्यांबद्दल, म्हणजे बारीक झोत फेकणाऱ्या फिरत्या लाइट्सबद्दल, एवढंच की आपल्याकडे मिरवणुकांमध्ये लेझरने लोकांच्या डोळ्यांना इजा झालीय आणि पुण्यासारख्या ठिकाणी पोलिसांनी त्यावर बंदीचे आदेशही काढलेत, तेव्हा कोणी "स्वस्तात लेझर देतो" म्हणाला तर आधी विचार की किरण लोकांच्या डोक्यावरून जाणार का डोळ्यातून. स्ट्रोबही सलग चालवायला लावू नकोस, फिट येणाऱ्या माणसाला सेकंदाला तीनच्या वरचे झपके धोक्याचे असतात, गेटवर सूचना लावायला सांग.

राहिला तुझा ऑर्गनायझर. त्याला "संगीत कानांसाठी असतं" हे लेक्चर देऊ नकोस, त्याचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये, त्याला तिकिटं विकायचीत आणि इन्स्टावर टाकायला तीस सेकंद हवेत. त्याला दोन पर्याय दे. एक, फ्लोअरवर मधोमध टेबल, चारी बाजूंनी लोक, हॉल अंधारा, दिवे फक्त यंत्रांवर, याचे फोटो कुठल्याही स्क्रीनपेक्षा चांगले येतात हे त्याला एखादं उदाहरण दाखवून पटव. दोन, स्टेजच पाहिजे असेल तर वरून एक कॅमेरा, थेट पडद्यावर, आणि साउंडचेकला अर्धा तास जास्त. तरीही तो लूप्सवरच अडून बसला तर व्हीजेचं मानधन वेगळं आणि व्हीजेबरोबरची एक रिहर्सल ऑर्गनायझरच्या खर्चाने, हे रायडरमध्ये, म्हणजे कलाकाराच्या अटींच्या कागदात, लिहून टाक. आणि डीजे सेटचं म्हणत असेल तर तो वेगळा धंदा आहे, जमत असेल तर कर, पैसे बरे मिळतात.